विट्यात रेल्वे येत नाही

प्रश्न पाचवा, ब. तिन्हींपैकी एक.
'ॲन अवर ॲट अ रेल्वे स्टेशन',
'इफ आय वेअर अ बर्ड',
नाहीतर वर्तमानपत्राचे फायदे.
शब्द शंभर ते दीडशे.
पाठ होती ती महाबळेश्वरची सहल,
धुक्यासकट, स्ट्रॉबेरीसकट, 'वी एन्जॉईड अ लॉट'सकट.
ती आलीच नाही.

गुरव मॅडम सांगायच्या, आधी पॉईंट काढा,
शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
मग त्यांना वाक्यं लावा.
मी एक लिहिलं, त्याला गोल केला.
दोन लिहिलं, त्याला गोल केला.
गोल छान आले.

वर्तमानपत्राचे फायदे मला तीन येतात.
बातमी कळते, ज्ञान वाढतं,
तिसरा, आई त्यात भाकरी गुंडाळते. तो चालायचा नाही.
पक्षी झाले तर उडेन.
उडून झालं की?
दीडशे शब्द कोण उडतं?

उरलं स्टेशन.
गाईडातल्या स्टेशनात लाल शर्टाचे पोर्टर असतात,
हिअर अँड देअर पळतात,
एक भिकारी असतो, एक नवी नवरी,
शिट्टी होते आणि सगळं रिकामं होतं.
पण विट्यात रेल्वे येत नाही.
आमच्याकडं येते ती एस्टी,
आणि दिवाळीला पप्पा.

पप्पा सेलमला असतात, गलाईला.
सराफाच्या दुकानातला केर विकत घेतात,
झाडलेली धूळ, पुसलेली फडकी, झिजलेली पायपुसणी,
जाळतात, धुतात, तेजाबात घालतात,
आणि मुशीच्या तळाला
मुगाच्या डाळीएवढं काहीतरी चमकतं.
मुशीला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?
गलाईला?
पेन्सिलीचं टोक मोडलं.

शेजारी शिकलगार सरसर लिहीत होती,
पुरवणीचा दोरा दातात धरून.
'पस्तीस मिनिटं राहिली,' सर म्हणाले,
आणि 'राहिली'वर जांभई दिली.

तेव्हा तो फोन आठवला.
दिवाळी करून पप्पा परत निघालेले,
मिरजेला गाडी लेट.
रात्री साडेअकराला वाजला.
'काय नाय, असाच केला.'
'जेवलासा?'
'हूं.'
मग त्यांच्याकडं बोलायचं काही उरलं नाही,
आमच्याकडंही नाही,
पण ठेवला नाही कुणीच.
आई झोपून गेली. मी कानाला धरून बसले.
चायवाला लांबून आला, जवळून गेला.
एक बाई तीन भाषांत दिलगीर झाली.
कुणाचं तरी पोर रडून रडून गप झालं.
पप्पा कुणाशी तरी तमिळमध्ये बोलले
आणि हसले.
असं हसतात ते, हे घरी कुणाला माहीत नव्हतं.
मग खडखडाट आला, त्यात त्यांचा आवाज बारीक झाला,
'ठेव गं आता.'

मी लिहिलं: आय वॉज ॲट द स्टेशन फॉर वन अवर.
खाली लिहिलं: आय वॉज इन माय हाऊस.
दोन्ही खरं. तपासणारा यातलं एक खोडणार.
माय फादर लाफ्ड इन तमिळ.
इथं 'इन' लागतं का 'विथ', देव जाणे.
मुशीच्या जागी 'स्मॉल पॉट' लिहिलं,
खोडलं, स्टेशनात मूस कुठून येईल?
परत लिहिलं. असते त्यांच्या बॅगेत,
टॉवेलात गुंडाळलेली, चकलीच्या डब्याला लागून.

पोर्टर घातलाच नव्हता.
भीती वाटली म्हणून शेवटी एक घातला, लाल शर्टाचा.
तो पळत होता.
कशाला, ते सांगायच्या आत घंटा झाली.

बाहेर चिंचेखाली शिकलगारनं विचारलं,
'कुठला सोडवलास?'
'स्टेशन.'
'पॉईंट किती निघाले?'
'एक.'
'एकावर दीडशे शब्द?'
मी मोजलेच नव्हते.